डाव्या बाजूचा करडा

जहाजाच्या डेकला निळा रंग नसतो. हे मी गेल्या आठ वर्षांत इतक्या जणांना सांगितलंय, की आता कुणी विचारलं तर मी ब्रश धुवायला उठतो. समुद्र निळा म्हणून जहाजही निळं, एवढंच डोकं चालवणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत. बारामतीच्या एका कॉलेजात छंदांचं प्रदर्शन होतं, तिथं माझं मॉडेल ठेवलं होतं. एक सर आले, चांगले शिकलेले, आणि म्हणाले, डेक जरा हिरवागार केला असता तर उठाव आला असता. मी म्हणालो, सर, तुमचा एक्स-रे काढला तर उठावासाठी हाडं गुलाबी करून देऊ का? नंतर ते माझ्या टेबलाकडं फिरकले नाहीत. बरं झालं.

मी बिरू, कळंबचा. बापानं मेंढरं राखली, मी दहावीवर नौदलात भरती झालो आणि पंधरा वर्षं खलाशी म्हणून काढली. युद्धनौकेवर खलाशाचं निम्मं आयुष्य खरवडण्यात आणि रंगवण्यात जातं. खारं पाणी लोखंड खातं, आपण खरवडायचं, रंग द्यायचा, ते परत खातं. तोफांचं मला विचारू नका, पण कुठल्या साली कुठल्या भागाला कुठला रंग होता ते झोपेतून उठवलं तरी सांगीन. रिटायर झाल्यावर प्लायवूड, पत्रा आणि फोमच्या शीटमधून मॉडेलं करायला लागलो. कुणी शिकवलं नाही. शिकवायला आलं असतं तरी माझं त्याच्याशी जमलं नसतं.

त्याच प्रदर्शनात दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, टोपी, हातात काठी, पण काठी टेकत नव्हते, नुसती धरली होती. अर्धा तास माझ्या टेबलापुढं उभे राहिले. बोट लावलं नाही, काही विचारलं नाही. मग म्हणाले, ही कंची बोट? मी सांगितलं, वज्रगड. ते म्हणाले, माझं पोरगं हिच्यावर होतं.

त्यांनी सांगायच्या आधीच मी ओळखलं होतं. नाक तेच होतं. ऋषिराजचं नाक. मी तेव्हाच मॉडेल गुंडाळून निघायला हवं होतं. निघालो नाही. मी एवढंच म्हणालो, आबा, आम्ही एका मेसमध्ये जेवायचो. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अठरा वर्षं मी कोऱ्हाळ्याला, ऋषिराजच्या गावाला, गेलो नव्हतो. बारामतीत एसटी बदलताना त्या गाडीकडं पाठ करून उभा राहायचो. आठ दिवसांनी त्याच्या बापानं, हिंदुरावांनी, बोलावलं म्हणून गेलो. चांगलं दोन मजली घर, चहूकडं ऊस, दारात ट्रॅक्टर. आतल्या भिंतीवर दोन फोटो, दोन्हींना हार. एक ऋषिराजचा, युनिफॉर्ममधला. दुसरा त्याच्या आईचा, जयवंताबाईंचा. त्या गेल्या पौषात वारल्या.

हिंदुरावांना गावातल्या वाचनालयात ऋषिराजची आठवण म्हणून काचेच्या पेटीत बोट ठेवायची होती. माझ्यासारख्या ऑर्डर घेणाऱ्याला यात विशेष काही नाही. पण त्यांची अट होती. बोट कुठल्याही दिवसाची नको, ऋषिराज गेला त्या दिवशी जशी होती तशी हवी. त्यांनी दोन फोटो माझ्या मांडीवर ठेवले. पहिल्यात ऋषिराज पुढच्या डेकवर दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसून हसत होता. तो त्यानं जाण्याआधी दहा दिवस घरी धाडलेला. डेक विटकरी. दुसरा नौदलानं सांत्वनाच्या पत्राबरोबर पाठवलेला, समुद्रात हार सोडतानाचा. डेक करडा.

म्हणाले, "ह्यात लाल हाय, ह्यात करडा हाय. त्या दिशी कंचा होता?"

मी म्हणालो, आठवून सांगतो. त्यांनी मान हलवली, आणि मग ज्याच्यासाठी बोलावलं होतं ते बोलले. ते त्यांनी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, मी एकत्र करून लिहितो.

ऋषिराजला एका मुलीशी लग्न करायचं होतं. घरात ते पटलेलं नव्हतं. बंदरातून त्यानं फोन केला तेव्हा हिंदुराव त्याला म्हणाले, तिला सोडल्याबिगर मला तोंड दाखवू नको. अकरा दिवसांनी बातमी आली, मुलगा समुद्रात पडला. देह मिळाला नाही. चौकशीत निघालं की पडताना कुणी बघितलं नाही, तोल गेला असावा. गाव काय म्हणालं ते सांगायला नको. पोरानं उडी टाकली. बापानं तोंड दाखवू नको म्हटलं, त्यानं दाखवलं नाही. फोनवर ते शब्द बोलले गेले तेव्हा जयवंताबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. एका घरात, सतरा वर्षं. चहा झालाय हेसुद्धा सुनेला, थोरल्या मुलाच्या बायकोला, सांगायच्या, सून सासऱ्याला सांगायची.

हिंदुराव तरी एका गोष्टीला धरून होते. पोरगं घसरलं असेल. बोट ओली असते, पाय घसरतो. मग दोन वर्षांमागं बारामतीत त्यांना एक माजी नौसैनिक भेटला. तो म्हणाला, आबा, डेकच्या रंगात वाळू घालत्यात. पाण्यातसुद्धा पाय धरून ठेवतो तो. तिथनं माणूस असा घसरत न्हाय.

मला विचारलं, "वाळू असती का रंगात?"

असते, मी म्हणालो.

"त्या दिशी होती?"

आता इथं मी काय बोललो ते लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क नाही. मी म्हणालो, बघावं लागंल आबा. जुन्या वह्या काढाव्या लागतील.

कसल्या वह्या. तो डेक मी रंगवला होता.

डेक एकदम रंगवत नाहीत. अर्धा रंगवायचा, अर्धा चालायला ठेवायचा. त्या ऑक्टोबरात आमचं जहाज विटकरीचं करडं करायचं चाललं होतं. नांगर टाकून उभे होतो, आणि पुढच्या डेकची डावी बाजू माझ्याकडं आली. रंग ओला असतानाच त्यावर चाळलेली वाळू पेरायची, शेतात खत पेरतात तशी, हात सारखा चालवून. मला मुंबईत पोचल्यावर सुट्टी मंजूर होती. गावची जत्रा होती, बिरोबाची, ज्याच्यावरून माझं नाव ठेवलंय. डोक्यात ढोल वाजत होता. बादलीतली वाळू संपली तेव्हा कडेची हातभर रुंदीची पट्टी राहिली होती, कठड्याच्या तारांना लागून. खाली जाऊन वाळू आणायची, चाळायची, वर आणायची. मी म्हणालो, कडेनं कोण चालतंय. रंगाच्या दुसऱ्या हाताला घालू.

दुसऱ्या दिवशी जहाज निघालं. समुद्र फार नव्हता, पण पुढून पाण्याचे फवारे येत होते. ऋषिराज दोर आवरायला कडेनं गेला. मी वीस फुटांवर होतो. त्याचा पाय त्या गुळगुळीत पट्टीवर पडला आणि तो बसल्यासारखा झाला, जहाज डावीकडं कललं, आणि तो सगळ्यात खालच्या तारेखालून सरकत गेला. एवढंच. मी ओरडलो, जहाज फिरवलं, दोन दिवस शोधलं. चौकशीत मला विचारलं, तू त्याला पडताना बघितलंस का? मी म्हणालो, नाही, माझी पाठ होती. बघितलं म्हणालो असतो तर कुणीतरी जागा बघायला गेलं असतं. आणि दुसरा हात द्यायच्या निमित्तानं मी त्या पट्टीवर वाळू घातली. भरपूर घातली. हार सोडतानाच्या फोटोत डेक करडा दिसतो तो माझा, वाळू घातलेला, झाकलेला डेक आहे.

नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. मग पेन्शन जाईल म्हणून. मग सवय लागली म्हणून. गाव ऋषिराजबद्दल काय बोलतंय ते माझ्या कानावर येत होतं. कळंब आणि कोऱ्हाळं काही लांब नाहीत. मला कळत होतं आणि मी जेवत होतो.

मॉडेलचं काम दोन महिने चाललं. साडेचार फुटांचं जहाज. रंग आणायला बारामतीला गेलो तर दुकानदारानं शेडचं कार्ड काढलं आणि विचारलं, कंपाउंडच्या भिंतीला का? मी करडे तीन आणि विटकरीसाठी रेड ऑक्साइड घेतला. खरा रंग तसाच्या तसा छोट्या वस्तूला लावून चालत नाही, काळपट दिसतो. खरं जहाज माणूस लांबून बघतो, मधे हवा असते, ऊन असतं. ती हवा रंगात पांढरं घालून आणावी लागते. किती घालायचं ते पुस्तकात नसतं. मी चहाच्या बशांमध्ये रंग कालवून अंगणात ठेवायचो आणि सकाळी, दुपारी बघायचो. माझी बायको सारजा म्हणायची, घरात बारा बशा होत्या, आता पाव्हणा आला तर त्याला वाटीत चहा द्यायचा का रंग प्यायला द्यायचा? वाळूच्या जागी मी रांगोळी वापरतो, फडक्यातून दोनदा चाळलेली. तीही तिच्याच डब्यातली.

आणि मग मी सगळा डेक करडा रंगवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडं सारखी रांगोळी पेरून. हार सोडतानाच्या फोटोतल्यासारखा. कुणी तज्ज्ञ आणून उभा केला असता तरी त्याला चूक काढता आली नसती. पुरावा होता, फोटो होता. माझ्या आयुष्यात एवढा सफाईदार डेक मी केला नाही. बघवत नव्हतं त्याच्याकडं.

न सांगता एक दिवस हिंदुराव आले, पुतण्याच्या गाडीतून. पुतण्या गाडीतच बसला. मॉडेल ओसरीत टेबलावर होतं. या वेळी त्यांनी बोट लावलं. पुढच्या डेकवर, डाव्या बाजूला, अंगठ्याशेजारचं बोट टेकवलं आणि कडेकडेनं सावकाश फिरवलं.

"खरखरीत हाय," म्हणाले.

मी ब्रश पुसायला घेतला.

"त्या दिशी असाच होता?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली. तोंड उघडायची तसदी घेतली नाही.

त्यांनी बोट काढून घेतलं आणि शर्टाला पुसलं, रंग वाळलेला होता तरी. "झालं मंग," म्हणाले. सारजानं चहा आणला, त्यांनी घेतला. चहा पिता पिता म्हणाले की वाचनालयाच्या पाटीसाठी कमिटीनं मजकूर काढलाय, त्यात नुसतं ऋषिराजचं नाव आणि साल ठेवायचं, त्यापुढं हिंदुराव घालायचं न्हाय. बापाचं नाव गाळून टाका म्हणून मी कमिटीला सांगतो. आवाज असा, की जणू खताच्या गोणीचं बोलताहेत. मग उठले.

ते गेल्यावर सारजा दारातच उभी होती. म्हणाली, त्या म्हाताऱ्याला तुमी काय केलं? आला तवा काठी नुसती हातात होती, जाताना भिंत धरून गेला.

मी पॉलिश पेपर घेतला आणि डेक घासायला बसलो. दोन महिन्यांचं काम होतं. सारजानं विचारलं, चांगलं झालंय की, कशाला घासताय? मी घासत राहिलो. उजवी बाजू विटकरी केली, जुनी, खरखरीत, पाय पडून मधे फिकी झालेली. डावी बाजू करडी, ताजी. आणि डाव्या कडेला तारांना लागून अर्ध्या सेंटीमीटरची पट्टी, करडीच, पण रांगोळी न घातलेली. नुसत्या डोळ्यांना ती दिसतसुद्धा नव्हती. ऊन तिरपं पडलं की तेवढीच चमकायची. दोन रंगांचं अर्धवट जहाज, कुणी बघितलं तर म्हणेल रंग कमी पडला. पण त्या दिवशी ते असंच होतं, आणि तेवढ्यापुरता जगात मी एकटाच साक्षीदार होतो.

पट्टी वाळेपर्यंत मी सारजाला सांगितलं. बावीस वर्षांचा संसार, आणि पहिल्यांदा. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल, नाहीतर म्हणेल जाऊ द्या, जुनं झालं. ती म्हणाली, मला सांगून काय उपेग? ज्याचं हाय त्याला सांगा. आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर गेली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तक्रार करत नाही.

छोटा हत्ती भाड्यानं घेतला, मॉडेल गोधडीत गुंडाळलं आणि कोऱ्हाळ्याला गेलो. हिंदुराव ओसरीवर होते. मॉडेल टेबलावर ठेवलं. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. परवा एका रंगाची होती, आज दोन रंगांची. मी म्हणालो, आबा, बोट लावा. मीच त्यांचा हात धरला आणि डाव्या कडेला नेला. बोट करड्यावरून फिरलं, आणि मग पट्टीवर आलं, आणि थांबलं. परत मागं घेतलं, परत पुढं नेलं.

"हितं वाळू न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय आबा. घालायची राहिली होती. मीच राहू दिली होती."

सगळं सांगितलं. जत्रेचं, बादलीचं, वीस फुटांचं, चौकशीत काय बोललो ते. मागनं वाळू घातली तेही. अडखळलो नाही. अठरा वर्षं पाठ केलेलं होतं. मला वाटलं होतं काठी उचलतील. मी त्यांच्या हाताच्या टप्प्यात उभा होतो, मुद्दाम.

त्यांनी एकच विचारलं. "त्यानं हाक मारली का कुणाला?"

"मारली. 'बिरू' म्हणाला. एकदाच."

हिंदुराव खुर्चीत बसून राहिले. सून दाराशी आली आणि परत आत गेली. कुठंतरी विहिरीवरची मोटार चालू झाली आणि बंद झाली. मग ते म्हणाले, उडी न्हाय टाकली. हे ते मला म्हणाले नव्हते, कुणालाच म्हणाले नव्हते. न्हाय टाकली. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा मी समजत होतो तसा नसतो. त्या माणसाला हिशेब लागला होता की हे सतरा वर्षांत कुठल्याही दिवशी कळलं असतं, आणि तेव्हा बायको जिवंत होती.

उठले. म्हणाले, चल. मी विचारलं नाही कुठं.

घरामागं उसाच्या दोन फडांमधून पायवाट होती. ती संपली तिथं बांधावर एक आंब्याचं रोप होतं, कमरेएवढं, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. आमच्या भागात आता बरेच जण राख नदीत सोडत नाहीत, आपल्याच रानात खड्डा घेऊन घालतात आणि वर झाड लावतात. हिंदुराव रोपापासून चार पावलं लांब थांबले. जवळ गेले नाहीत. मला पुढं व्हायला खुणावलं.

"हिला सांग. मला सांगितलंस तसं. एक शबूद गाळू नको."

मी चप्पल काढली. रोपाकडं तोंड करून सांगायला लागलो. माणसापुढं बोलताना जमलं होतं, इथं जमेना. पहिल्यापासून सांगितलं. जहाज, डावी बाजू, वाळू. आवाज बारीक झाला होता, पण शेवटपर्यंत गेलो. तुमचा पोरगा घसरला, त्यानं उडी टाकली नाही, बापाच्या बोलण्यानं गेला नाही, माझ्यामुळं गेला, असं सगळं.

मागं हिंदुराव हलले नाहीत. मला वाटलं आता जा म्हणतील.

"परत सांग," ते म्हणाले. "मोठ्यानं. शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

शेजारच्या रानात पाच-सहा बाया उसात खुरपत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं, हिंदुरावांनीही बघितलं. दोघांनाही कळत होतं की संध्याकाळच्या आत हे गावभर होणार, आणि उद्या कळंबात, माझ्या दारात.

मी घसा साफ केला आणि परत पहिल्यापासून, ओरडून सांगायला लागलो. वाळूपाशी आलो तेव्हा बाया खुरपी टाकून उभ्या राहिल्या होत्या.